रिदम गेममध्ये ९७ टक्के, मग गिटारवर लय का पळते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्ष गिटार शिकताय, शिक्षक वारंवार ‘लय कच्ची आहे’ म्हणतात, आणि मित्रांबरोबर वाजवायला बसलं की तुम्ही पुढे पळता. दुसरीकडे संगणकावर रिदम गेम (गाण्याच्या ठोक्यावर बटणं दाबायचे व्हिडिओ गेम) नेमानं खेळता आणि तिथे अवघड गाणीसुद्धा ९७ टक्क्यांच्या आसपास पार होतात. मग हे गेम खेळून लय सुधारते का, की तो वेळ सरळ सरावाला दिलेला बरा?

मी ड्रम्स आणि हातानं वाजवायची तालवाद्यं शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत गेम खेळून आलेली मुलं बरीच असतात आणि त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे: त्यांना फायदा झालेला असतो. ज्यानं कधी गाण्यावर बोटसुद्धा आपटलेलं नाही, त्याच्यापेक्षा ही मुलं पहिल्या दिवसापासून पुढे असतात. पण हा फायदा लयीच्या एका ठरावीक भागाला होतो आणि तुमच्या वर्णनावरून तुमची अडचण त्या भागात दिसत नाही. म्हणून गेम चांगले की वाईट हे बाजूला ठेवू आणि त्यांत काय पक्कं होतं, काय कोरं राहतं, तेवढं बघू.

‘लय कच्ची’ म्हणणं म्हणजे ‘ताप आहे’ म्हणण्यासारखं आहे; कशानं आला ते त्यातून कळत नाही. नवीन विद्यार्थी आला की मी तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासतो. गाणं लावल्यावर त्याला ठोका सापडतो का? सापडलेल्या ठोक्यावर हात नेमका पडतो का? आणि बाहेरचा ठोका बंद केला, तर तोच ठोका तो स्वतःच चालू ठेवू शकतो का? पहिल्या दोन गोष्टी उत्तम आणि तिसरी अगदीच कमकुवत, असे विद्यार्थी भरपूर भेटतात. गेम खेळणाऱ्यांत तर हमखास.

तिसरी गोष्ट तपासायची रीत जुनी आहे. एल. टी. स्टीव्हन्स यांनी १८८६ साली ‘माइंड’ या नियतकालिकात तिच्याबद्दल लिहिलं होतं: मेट्रोनोमबरोबर, म्हणजे ठरावीक लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राबरोबर, काही वेळ ठोके द्यायचे, मग मेट्रोनोम थांबवायचा, पण हात चालूच ठेवायचा, आणि त्या एकट्या हाताचे ठोके मोजायचे. लयीवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत आजही हीच पद्धत चालते. मेट्रोनोम चालू असताना आणि बंद असताना होणारं काम सारखं नसतं, हे त्यातून स्पष्ट दिसतं.

मेट्रोनोम किंवा गाणं चालू असताना तुमचा ठोका थोडा पुढे पडला, तर कान ते टिपतो आणि पुढचा ठोका आपोआप मागे सरकतो. प्रत्येक ठोक्याला ही दुरुस्ती होत राहते, त्यामुळे चूक साचत नाही. आता आधार काढून घ्या. समजा लय १०० बीपीएम (मिनिटाला १०० ठोके) आहे, म्हणजे दोन ठोक्यांत ६०० मिलिसेकंद. तुम्ही दर वेळी ६ मिलिसेकंद लवकर वाजवताय, म्हणजे फक्त एक टक्का. एवढा फरक कुणालाच, तुम्हालाही, जाणवणार नाही. पण चार-चार मात्रांचे सोळा बार झाले की ६४ ठोके होतात, आणि तुम्ही मूळ लयीच्या ३८४ मिलिसेकंद पुढे जाता. अर्ध्या मात्रेहून जास्त. गेममध्ये हे कधीच घडू शकत नाही, कारण गाणं तुमच्यासाठी थांबतही नाही आणि पळतही नाही. दर ठोक्याला ते तुम्हाला जागेवर आणून बसवतं. मित्रांबरोबर वाजवताना नेमकं उलटं होतं. तुम्ही किंचित पुढे जाता, ते तुम्हाला गाठायला बघतात, तुम्हाला वाटतं आता लय हीच, आणि पुन्हा किंचित पुढे जाता. दोन कडव्यांत सगळे मिळून पळत असतात आणि सुरुवात कोणी केली हे कोणालाच सांगता येत नाही.

म्हणजे गेम दुसऱ्या गोष्टीचा भरपूर सराव देतात आणि तिसरीला जवळजवळ हातच लावत नाहीत. पण दुसऱ्या गोष्टीचा सराव तरी किती खरा, हे कोणता गेम खेळता त्यावर अवलंबून आहे. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ‘रिदम गेम’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी येतात.

बीट सेबर घ्या. व्हीआर चष्मा लावून, समोरून येणारे ठोकळे तलवारीनं कापायचा हा गेम. २०१८ साली आला, अंगाला घाम आणतो, संगीताबरोबर हलण्याची मजा देतो. पण त्याच्या गुणांत टायमिंग धरलेलंच नाही. एका ठोकळ्याचे जास्तीत जास्त ११५ गुण. त्यांतले ७० ठोकळा कापण्याआधी हात किती मोठ्या कोनातून आणला याचे, ३० कापल्यानंतर हात किती पुढे नेला याचे आणि १५ काप मध्याच्या किती जवळून गेला याचे. ठोकळा तुमच्या टप्प्यात असताना तो ठोक्यावर कापला की जरा आधी, याची नोंद होत नाही. त्यात तुम्ही पहिल्या क्रमांकावर असलात तरी त्यावरून तुमच्या लयीबद्दल मी काहीच म्हणू शकणार नाही.

गिटार हीरो, २००५ सालचा. यात बटण ठरलेल्या वेळेच्या खिडकीत दाबलं की सूर लागला, नाहीतर चुकला. मधलं काही नाही. खिडकीच्या बरोबर मध्यभागी दाबा किंवा काठावर, गुण सारखेच. माझ्या दृष्टीनं त्याहून मोठी अडचण आवाजाची आहे. तुम्ही बटण दाबता तेव्हा तुमचा आवाज होतच नाही; मूळ रेकॉर्डिंगमधली गिटार ऐकू येते आणि चुकलात तर ती क्षणभर बंद होते. म्हणजे तुम्ही ४० मिलिसेकंद उशिरा दाबलं तरी कानावर काय पडतं? कसलेल्या वादकाचा अगदी जागेवर पडलेला सूर. कानाला वाटतं, आपण छान वाजवलं. स्वतःची चूक ऐकायला मिळणं हाच लय सुधारण्याचा सगळ्यात महत्त्वाचा मार्ग, आणि तोच इथे बंद आहे.

याउलट १९९७ चा बीटमॅनिया. कोनामी कंपनीचा हा आर्केड गेम अनेक पुढच्या गेमचा पूर्वज मानला जातो. यात तुम्ही कळ दाबाल तेव्हाच तो ध्वनी वाजतो. उशिरा दाबलं तर तो ध्वनीही उशिरा, लंगडत वाजतो. ताइको नो तात्सुजिनमध्येही ढोलाचा आवाज तुमच्या टिपरीबरोबर येतो. संगणकावर माउसनं खेळायच्या ओसूमध्येही तुमच्या क्लिकचा आवाज त्याच क्षणी होतो, म्हणून गाण्यातल्या ठोक्याशी तो जुळला की नाही हे ऐकू येऊ शकतं. मात्र बरेच खेळाडू हा आवाज सेटिंगमध्ये जाऊन कमी करतात किंवा बंदच करतात. लयीसाठी खेळत असाल तर तो मोठा ठेवा आणि गाण्याचा आवाज थोडा कमी करा.

रॉक बँडचे ड्रम्स मी वेगळे काढतो. २००७ साली आलेल्या त्या गेममध्ये चार पॅड आणि पायाखाली पेडल आहे, आणि वरच्या पातळीवर हातापायांच्या हालचाली खऱ्या ड्रम्सच्या खूप जवळ जातात. ज्याला हात एक करत असताना पायानं दुसरंच करायचं असतं, त्याच्यासाठी हा चांगला सराव आहे. तिथून आलेल्या मुलांना मी साधा रॉक ठेका फार लवकर शिकवू शकतो.

आणि एक गट असा, ज्याची मी विद्यार्थ्यांना मुद्दाम शिफारस करतो. निन्टेन्डोची रिदम हेवन मालिका, जिचा पहिला गेम २००६ साली जपानमध्ये आला, तिच्यात वरून घरंगळत येणाऱ्या खुणांची रांग नाही. आवाजाचा इशारा येतो आणि किती मात्रांनंतर बटण दाबायचं हे तुम्हाला आतल्या आत मोजावं लागतं. कित्येक खेळ डोळे मिटून खेळता येतात, किंबहुना डोळे मिटल्यावर जास्त चांगले जमतात, कारण चित्रं तुम्हाला फसवायला बसलेली असतात. रिदम डॉक्टरही याच जातीचा: सहा ठोके ऐका, सातव्यावर बटण दाबा. ऐकायला सोपं वाटतं, पण मधे ठोके गाळले की सातवा कुठे पडेल हे धरून ठेवावं लागतं. वर सांगितलेली तिसरी गोष्ट थोडीफार तरी इथेच वापरली जाते.

आता ९७ टक्क्यांकडे येऊ. टक्केवारी म्हणजे किती नोंदी खिडकीत बसल्या, आणि खिडकी किती रुंद हे गेम ठरवतो. ओसूमध्ये अचूकतेची पातळी ५ असेल तर पूर्ण गुणांची खिडकी दोन्ही बाजूंना ५० मिलिसेकंद असते. पातळी १० असेल तर २०. आता १२० बीपीएमच्या गाण्यात एका मात्रेचा चौथा भाग १२५ मिलिसेकंदांचा असतो. ५० मिलिसेकंद मागे पडलेला ठोका त्याच्या जवळजवळ अर्ध्यावर आला. गेम त्याला पूर्ण गुण देईल, पण ड्रमवर दोघांनी एकत्र वाजवताना एवढं अंतर पडलं, तर समोरच्याला एकाच्या जागी दोन ठोके ऐकू येतील.

टक्केवारीपेक्षा उपयोगाचे दोन आकडे आहेत आणि ते बऱ्याच गेममध्ये गाणं संपल्यावर बघता येतात. एक, तुमच्या ठोक्यांची सरासरी किती पुढे किंवा मागे. दोन, ते ठोके त्या सरासरीभोवती किती पसरलेत. ओसूतला ‘अनस्टेबल रेट’ हा दुसरा आकडा: प्रमाण विचलन मिलिसेकंदांत काढून त्याला दहानं गुणलेलं. म्हणजे १२० दिसलं तर पसारा १२ मिलिसेकंदांचा. सरासरी थोडी पुढे असेल तर लगेच घाबरू नका. मेट्रोनोमबरोबर बोट आपटताना माणसं नकळत काही मिलिसेकंद आधीच आपटतात, तालीम नसलेल्यांच्या बाबतीत हे अंतर वीस-तीस मिलिसेकंद किंवा त्याहूनही जास्त होतं, आणि त्यांना स्वतःला ते बरोबर ठोक्यावरच वाटत असतं. शिवाय सरासरीवर उपकरणांचाही परिणाम होतो. पसारा मात्र बहुतांशी तुमच्या हाताचा असतो, म्हणून महिन्याभरात तो कमी झाला का, हे बघा.

उपकरणांचा विषय निघालाच आहे तर लगेच: ब्लूटूथ हेडफोन लावून रिदम गेम खेळू नका. त्यांतला आवाज साधारणपणे शंभर मिलिसेकंदांहून जास्त उशिरा पोचतो. कॅलिब्रेशन करून, म्हणजे हा उशीर गेमच्या हिशेबात धरून, गेम गुण नीट देऊ लागेल, पण तुमच्या बोटाचा आवाज आणि गाणं यांतलं खरं नातं बिघडलेलंच राहतं. वायरचे हेडफोन वापरा, मग कॅलिब्रेशन करा.

यापुढचा मुद्दा डोळ्यांचा, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

नुसता चमकणारा दिवा बघून ठोके द्यायला सांगितलं तर माणसांना आवाजाच्या तुलनेत ते फार वाईट जमतं. पण दिव्याऐवजी उसळणारा चेंडू दाखवला, म्हणजे हालचाल दिसली, तर बरंच सुधारतं, कारण चेंडू जमिनीला कधी टेकणार हे डोळ्याला आधीच कळतं. रिदम गेममधल्या घरंगळणाऱ्या खुणा, आकसत येणारी वर्तुळं ही सगळी त्या चेंडूचीच भावंडं आहेत. खूण रेषेला टेकली की दाबा. हे काम कान न वापरता होऊ शकतं आणि सरावलेल्या खेळाडूंचे डोळे त्यात विलक्षण तयार होतात.

माझ्या एका विद्यार्थिनीचं सांगतो. गेममध्ये ती भलतीच तरबेज होती. एकदा तिला तिच्या आवडीचं गाणं माझ्यासमोर खेळायला सांगितलं आणि मी पडद्याऐवजी तिच्याकडे बघत बसलो. अंगठे सोडून काहीच हलत नव्हतं. पाय स्थिर, मान स्थिर, खांदे कानाकडे ओढलेले, आणि अवघड तुकडा सुरू झाला की श्वास रोखलेला. तुकडा संपल्यावर मोठा उसासा. मग मी गाण्याचा आवाज पूर्ण बंद करून तेच खेळायला सांगितलं. गुण जवळपास तेवढेच आले. त्यानंतर आवाज चालू केला आणि पडद्यावर वही धरली. कडव्याच्या पहिल्या दोन ओळी कशाबशा निघाल्या, मग अंगठे थांबले. तिला गाणं तोंडपाठ होतं, पण ठोका अंगात नव्हता. त्या दिवसापासून तिला मी एकच नियम घातला: गेम खेळताना टाच जमिनीवर आणि पायाचा पुढचा भाग मात्रेला हलताना दिसला पाहिजे. सुरुवातीला गुण कोसळले, कारण पायाकडे लक्ष द्यायचं तर पडद्याकडचं कमी होतं. पण काही आठवड्यांनी ड्रम्सवर बसल्यावर तिचा हाय-हॅटवरचा (पायानं चालवायच्या झांजांवरचा) पाय आपसूक चालायला लागला, आणि तिच्या वादनात मला खरा बदल तिथून दिसला.

ही आवाज बंद आणि पडदा बंद चाचणी तुम्ही आजच करून बघा. आवाज बंद केल्यावर गुण फारसे घसरले नाहीत आणि पडदा झाकल्यावर कोलमडले, तर तुम्ही गेममध्ये लयीचा सराव करत नसून नजरेचा करताय. तोही वाईट नाही, पण गिटारला तो लागत नाही.

संशोधन काय म्हणतं, हे विचारणारे असतात म्हणून दोन गोष्टी. अमांडा पासिन्स्की, एरिन हॅनन आणि जोएल स्नायडर यांचा २०१६ सालचा अभ्यास गेमच्या बाजूनं जातो: संगीताचे व्हिडिओ गेम बराच काळ खेळलेल्या लोकांनी संगीत ओळखण्या-समजण्याच्या चाचण्यांत, संगीत न शिकलेल्या इतरांपेक्षा चांगली कामगिरी केली. मात्र गेममुळे कान तयार झाला, की मुळात तयार कानाची माणसंच अशा गेमकडे वळली, हे अशा तुलनेतून ठरत नाही. दुसरा, व्हॅलेंटिन बेजेल, सिमोने दाला बेला आणि सहकाऱ्यांचा २०१७ सालचा आढावा. पार्किन्सन्स, डिस्लेक्सिया अशा अडचणी असलेल्यांना लयीचं प्रशिक्षण द्यायला बाजारातले गेम वापरता येतील का, हे त्यांनी तपासलं. निष्कर्ष असा की पुरेशी काटेकोर वेळ कोणताच गेम पाळत किंवा नोंदवत नाही आणि कोणताच गेम फक्त लयीला ताण देत नाही. नजर, प्रतिक्रियेचा वेग, पाठांतर हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. म्हणून त्या गटानं पुढे स्वतःचा वेगळा गेम तयार केला. हा निष्कर्ष उपचाराच्या दृष्टीनं काढलेला आहे, पण वर्गात मला जे दिसतं त्याच्याशी तो जुळतो.

गेम कोणाला सगळ्यात जास्त लाभतात? ज्यांना पहिलीच पायरी अवघड जाते त्यांना. गाणं लागल्यावर टाळी कुठे द्यायची हेच ज्यांना कळत नाही, चारचौघांत हात हलवायची ज्यांना लाज वाटते, अशा मोठ्या वयाच्या माणसांना मी आनंदानं गेम खेळायला सांगतो. कुणी बघत नाही, चुकलं तर लगेच कळतं, परत खेळता येतं. जन्मतःच ठोका पकडता न येणारी माणसं असतात, २०११ साली अशा एका तरुणाची नोंद शास्त्रीय नियतकालिकात झाली होती, पण ती फार विरळा. ‘मला लयच नाही’ म्हणत जे माझ्याकडे आले, त्यांपैकी बहुतेकांना फक्त कोणी कधी सावकाश, पुन्हा पुन्हा करू दिलेलं नव्हतं. गेम तेवढं नक्की करू देतात.

तुम्ही ती पायरी केव्हाच ओलांडली आहे. गेम सोडायची गरज नाही, पण लयीसाठी राखलेल्या वेळातला मोठा भाग आता आधार काढून घेणाऱ्या सरावाला द्या.

त्याची सुरुवात सोपी आहे. ओळखीचं गाणं लावा, पायानं ठेका धरा, आणि मधेच आवाज पूर्ण खाली न्या. मनात गाणं चालू, पाय चालू. दहा-पंधरा सेकंदांनी आवाज वर आणा आणि गाणं कुठे आहे, तुम्ही कुठे आहात ते बघा. पहिल्यांदा बहुतेक जण पुढे निघून गेलेले असतात. ते जमू लागलं की मेट्रोनोमचं असं अ‍ॅप घ्या ज्यात काही बार गप्प ठेवता येतात: तीन बार वाजणार, एक गप्प, मग दोन-दोन, मग एक वाजणार, तीन गप्प. ठोका परत येतो त्या क्षणी तुमचा हात त्याच्यावर पडला पाहिजे. परतणारा ठोका ऐकून हात सावरला तर ते बरोबर धरू नका.

लय संथही ठेवा. गेम खेळणाऱ्यांना १६० बीपीएमची भीती वाटत नाही, पण ४० ला त्यांची त्रेधा उडते, कारण गेममध्ये खुणा दाट असतात आणि मोकळी जागा आली तरी पुढची खूण डोळ्याला दिसतच असते. ४० बीपीएमला दोन ठोक्यांत दीड सेकंद जातो. हे अंतर दोन सेकंदांच्या आसपास गेलं की पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाजच लागत नाही. माणसं आवाज ऐकून मग वाजवू लागतात. यावर उपाय एकच: मधली जागा तोंडानं भरा. मात्रेचे चार भाग म्हणत राहा, पुटपुटलात तरी चालेल. तोंड चालू असलं की हात पळत नाही, हे मी इतक्या जणांत पाहिलंय की पहिले काही आठवडे मी कोणालाही मुक्यानं वाजवू देत नाही.

आणि गेम खेळायचेच, तर पाय हलता ठेवा, खुणा लपवणारी सेटिंग असेल तर ती चालू करा, आणि नवनवीन गाणी पार करण्यापेक्षा एकच गाणं पसारा कमी होईपर्यंत खेळा.

थोडक्यात आतापर्यंतचं: गेम तुम्हाला चालू ठोक्याशी जुळवून घ्यायला शिकवतात, तेही तुमचा आवाज ऐकवणारा गेम असेल आणि तुम्ही कानानं खेळत असाल तर. ठोका स्वतः धरून ठेवणं वेगळं शिकावं लागतं. पण तुमच्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे, आणि ती तपासल्याशिवाय वरचं काहीही सुरू करू नका.

शंका अशी की कदाचित तुमची लय बिघडलेलीच नाही. १९७३ साली विंग आणि क्रिस्टोफरसन या दोघांनी एक मांडणी केली, ती लयीच्या अभ्यासात अजून वापरली जाते: ठोक्यांतली अनियमितता दोन ठिकाणांहून येते, एक आतल्या घड्याळातून आणि दुसरी त्या घड्याळाचा हुकूम हातानं अमलात आणण्यातून. गेममध्ये हाताला एक कळ दाबायची असते, त्यामुळे दुसऱ्या भागाचा वाटा कमी असतो. गिटारवर डावा हात कॉर्ड बदलत असतो, उजवा स्ट्रम करत (सगळ्या तारांवरून हात फिरवत) असतो, आणि एखादी कॉर्ड बसायला वेळ लागला की उजवा हात तिच्यासाठी थांबतो. मग झालेला उशीर भरून काढायला पुढच्या सोप्या जागी तुम्ही पळता. ऐकणाऱ्याला फक्त पळणं ऐकू येतं.

तपासणं अगदी सोपं आहे. डाव्या हातानं तारा हलक्या दाबून मुक्या करा, मेट्रोनोमशिवाय एक अख्खं गाणं नुसतं स्ट्रम करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. मग तेच गाणं सगळ्या कॉर्डसह रेकॉर्ड करा. दोन्हींचं सुरुवातीचं आणि शेवटचं बीपीएम मोजा. टॅप करून बीपीएम दाखवणारं कोणतंही अ‍ॅप चालेल. मुक्या तारांवरही लय वाढत गेली असेल, तर आतला ठोका कच्चा आहे, गप्प बारांचा सराव तुमच्यासाठीच आहे. मुक्या तारांवर लय जागेवर राहिली आणि कॉर्ड घेतल्यावर सुटली, तर लयीच्या मागे लागू नका. दुसरं रेकॉर्डिंग पुन्हा ऐका, जिथे अडखळता त्या दोन कॉर्ड शोधा, आणि फक्त तेवढाच बदल ६० बीपीएमला, उजवा हात न थांबवता, घोटत राहा. कॉर्ड अर्धवट बसली, सूर मेला तरी चालेल. स्ट्रम मात्रेवरच पडला पाहिजे. शिक्षकांनाही ही दोन्ही रेकॉर्डिंग ऐकवा. कुठल्या जागी आणि कुठल्या बदलाला लय सुटते हे ते ऐकून लगेच सांगतील, आणि मग पुढच्या तासाला तुम्हाला ‘लय कच्ची आहे’ यापेक्षा नेमकं काहीतरी ऐकायला मिळेल.